एसयूव्हीची बॅटरी बदलण्याआधीची मोजामोज

बॅटरी थकल्याची पहिली खबर दिली ती स्टार्ट-स्टॉपने. गाडी पाच वर्षांची डिझेल एसयूव्ही. सिग्नलला उभी राहिली की इंजिन आपोआप बंद व्हायचं, क्लच दाबला की पुन्हा चालू. हे हळूहळू कमी होत गेलं आणि शेवटी थांबलंच. डॅशबोर्डवर फक्त एक ओळ यायची, बॅटरी चार्ज होत आहे. मला या सुविधेचं मुळातच फारसं कौतुक नाही, त्यामुळे मी उलट खूशच होतो. पण गाडीच्या बाजूने पाहिलं तर अर्थ सरळ होता: इंजिन एकदा बंद केलं तर ते पुन्हा चालू होईल याची तिला खात्री वाटत नव्हती. सेल्फ अजून व्यवस्थित लागत असताना गाडीने बॅटरीवरचा भरवसा काढून घेतला होता.

पुढे हवा गार झाली तशी सकाळी पहिला सेल्फ मारताना इंजिन जड फिरू लागलं. डिझेलला हा त्रास लवकर जाणवतो. त्यात ठिणगी नसते, हवा प्रचंड दाबून ती तापवायची आणि त्यात डिझेल सोडायचं असा सगळा मामला. त्यामुळे स्टार्टरला ताकद जास्त लागते, आणि त्याच्या आधी ग्लो प्लग, म्हणजे सिलिंडर आधी तापवणारे छोटे हीटर, आपला वाटा खाऊन बसलेले असतात. थंडीने बॅटरी मेली असं आपण म्हणतो खरं, पण बहुतेक वेळा तिला मारलेलं असतं उन्हाळ्याने. बॉनेटखालच्या उष्णतेत पॉझिटिव्ह प्लेटची जाळी झिजते, पाणी उडतं. तापमान दहा अंशांनी चढलं की आतल्या क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. थंडीत इंजिनचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीची रसायनं मंदावतात आणि आधीच झालेलं नुकसान उघडं पडतं, एवढंच.

मेकॅनिकचं म्हणणं सरळ होतं. "पाच वर्षं झाली ना? भरपूर चालली. बदलून टाका." तीन ते पाच वर्षं हे अशा बॅटरीचं सर्वसाधारण आयुष्य, तेव्हा त्यांचं काही चुकत नव्हतं. तरी मला आधी कारण हवं होतं. वय झालं म्हणून गेली तर नवी आणली की विषय संपला. पण इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर नीट चार्ज करत नसेल, किंवा उभ्या गाडीत कोणी गुपचूप करंट ओढत असेल, तर नवी बॅटरीसुद्धा त्याच वाटेने जाणार.

साधा डिजिटल मल्टिमीटर काढला. पहिली गोष्ट, गाडी बंद केल्या केल्या व्होल्टेज मोजायचं नाही. प्लेटच्या पृष्ठभागावर चार्ज साचलेला असतो आणि आकडा फुगून येतो. रात्रभर उभी ठेवून सकाळी, दार न उघडता मोजता आलं तर उत्तम, कारण दार उघडलं की अर्धी इलेक्ट्रॉनिक्स जागी होते. मी रात्रीच बॉनेट नुसतं टेकवून ठेवलं होतं. सकाळी आकडा आला १२.२. आत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवायला हवी. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी, आणि १२ च्या खाली गेली की ती उतरलीच म्हणायची. मग घरातल्या एकाला सेल्फ मारायला बसवून मीटर किमान आकडा धरून ठेवेल अशा मोडवर लावला. सेल्फ लागताना व्होल्टेज ९.२ पर्यंत बसलं. निरोगी बॅटरी सौम्य हवेत दहाच्या आसपास तरी तग धरते.

बॅटरीवर ते छोटं काचेचं भिंग असतं, हिरवं दिसलं की सगळं ठीक असं मानायचं ते. माझ्या बॅटरीचं भिंग या सगळ्या काळात हिरवंगार होतं. त्याच्या खाली एक तरंगणारी गोळी असते आणि ती सहापैकी एकाच सेलमधल्या ॲसिडची घनता सांगते. उरलेल्या पाचांचं काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो. शिवाय घनता ठीक असली तरी प्लेट झिजलेल्या असू शकतातच. त्या भिंगावर माझा विश्वास आता शून्य आहे.

चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरली. इथे एक बारकावा. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर एक चपटा सेन्सर बसलेला असतो. बॅटरीत किती गेलं, किती आलं याचा हिशेब तो ठेवतो. चार्जरचा काळा चिमटा थेट बॅटरीच्या खुंटीला लावला तर भरलेला चार्ज सेन्सरच्या नजरेतून सुटतो. म्हणून तो चिमटा इंजिनवर किंवा बॉडीवर जिथे अर्थिंगचा बोल्ट दिलाय तिथे लावायचा. पूर्ण भरून, केबल सुटी करून रात्रभर ठेवलेली बॅटरी सकाळी १२.३ वर आली. काहीही जोडलेलं नसताना. गॅरेजमधल्या टेस्टरनेही तेच सांगितलं: लेबलवर सीसीए, म्हणजे थंडीत इंजिन फिरवायला मिळणारा करंट, ७६०, टेस्टरवर चारशेच्या आसपास. बॅटरी गेली, यात आता शंका नव्हती.

अल्टरनेटरने मात्र थोडा वेळ फिरवलं. इंजिन चालू असताना १४ च्या पुढे दिसायला हवं, माझ्याकडे दिसत होतं १२.७. मेकॅनिकचा चेहरा लगेच गंभीर. पण अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटरला सतत चार्ज करायची परवानगीच नसते. इंधन वाचावं म्हणून गाडी बॅटरी मुद्दाम थोडी रिकामी ठेवते आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर, उतारावर, ब्रेक लावताना ती भरून घेते. आम्ही हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर आणि ब्लोअर एकदम चालू केले. व्होल्टेज बघता बघता १४.४ वर गेलं. अल्टरनेटर निर्दोष सुटला.

उरला करंट ओढणारा चोर. निगेटिव्ह केबल काढून ती आणि बॅटरी यांच्यामध्ये मीटर जोडायचा, बॉनेटचं आणि दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवायचं, म्हणजे गाडीला सगळं बंद आहे असं वाटतं, आणि मग वाट बघायची. घाई केली तर आकडा मोठाच दिसतो, कारण गाडीतले सगळे मॉड्युल, म्हणजे छोटे संगणक, झोपायला अर्धा तास सहज घेतात. सगळं शांत झाल्यावर २० ते ५० मिलिअँपिअर हे चालण्यासारखं. माझा मीटर २८० च्या खाली उतरायलाच तयार नव्हता. एकेक फ्यूज काढत गेलो. समोरचा रस्ता टिपणाऱ्या डॅशकॅमचा फ्यूज काढताक्षणी आकडा ३० वर आला.

डॅशकॅमचा पार्किंग मोड, म्हणजे गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू. ज्याने तो बसवला त्याने व्होल्टेज ११.८ वर आलं की कॅमेरा बंद व्हावा अशी सेटिंग ठेवली होती. ११.८ म्हणजे तोवर बॅटरी जवळपास रिकामी. हिशेब करून पाहा: ०.२८ अँपिअर गुणिले २४ तास, रोजचे पावणेसात एएच, म्हणजे अँपिअर-तास. गाडी पाच दिवस उभी राहिली की ७० एएचच्या बॅटरीतला निम्मा माल संपला. त्यात माझं चालवणं बरंचसं जवळपासचं. वीस मिनिटांच्या फेरीत हे भरून येत नाही, कारण बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे गेली की चार्ज अगदी सावकाश स्वीकारते. शेवटच्या वीस टक्क्यांना तास लागतात.

अर्धवट रिकामी राहणं शिशाच्या बॅटरीला मानवत नाही. १८५९ मध्ये गास्तों प्लाँते यांनी शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून ही बॅटरी बनवली, आणि तेव्हापासून तिच्या आतली क्रिया तीच आहे. करंट दिला की दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट जमतं, चार्ज केलं की ते पुन्हा विरघळतं. मात्र ते तसंच पडून राहिलं तर त्याचे कडक खडे होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा कामातून जातो. माझ्या बॅटरीच्या बाबतीत वय होतंच, पण शेवटचं दीड-दोन वर्षांचं आयुष्य कॅमेऱ्याने खाल्लं असं माझं मत. मेकॅनिकला ते पटलं नाही. त्यांच्या मते पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं.

आता निवड. इथे बहुतेक जण "किती एएचची टाकू?" या प्रश्नापासून सुरुवात करतात. मी गाडीचं मॅन्युअल आणि बॅटरीचा ट्रे यांच्यापासून केली. जुनी बॅटरी युरोपियन मापाची एल३ होती: लांबी २७८, रुंदी १७५, उंची १९० मिलिमीटर. एल४ ची रुंदी-उंची तीच, लांबी ३१५. माझ्या ट्रेमध्ये बॅटरी पकडणाऱ्या पट्टीसाठी बोल्टची दोन भोकं होती आणि मॅन्युअलमध्ये दोन्ही मापं दिलेली होती. म्हणजे ७० एएच किंवा ८० एएच, दोन्ही बसणार होत्या. सगळ्यांचं नशीब असं नसतं. बुडाशी कडा असलेली बॅटरी खालून पकडली जाते, जपानी मापाची वरून चौकट टाकून. एकीच्या जागी दुसरी कोंबली तर ती खिळखिळी बसते आणि खडबडीत रस्त्यावर हादऱ्यांनीच मरते. टर्मिनल कुठल्या बाजूला आहेत हेही पाहावं लागतं, नाहीतर केबल पोचत नाही किंवा ताणून बसवावी लागते. पॉझिटिव्हची खुंटी निगेटिव्हपेक्षा जाड असते, त्यामुळे क्लॅम्प उलटे सहसा बसत नाहीत, पण जोर लावणारे लोक असतातच.

लेबलवरचे आकडे वाचायला मला सगळ्यात जास्त मजा आली. ७० एएच म्हणजे बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली तर इतकं मिळेल, म्हणजे साडेतीन अँपिअर, वीस तास. उभ्या गाडीतल्या कॅमेऱ्याला, दिव्यांना लागतो तो हा साठा. स्टार्टरला याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला काही सेकंद शेकडो अँपिअर हवे असतात, आणि ते सांगतो सीसीए. उणे १८ अंशांत बॅटरी किती करंट देऊ शकते हा तो आकडा. जिथे इतकी थंडी कधी पडत नाही तिथेही तो बघावा, कारण शेवटी तो बॅटरीचा आतला रोध किती कमी आहे हेच सांगत असतो. पण दोन बॅटऱ्यांचे सीसीए ताडून पाहताना मानक एकच आहे ना हे बघायचं. अमेरिकी एसएई चाचणीत तीस सेकंद व्होल्टेज ७.२ च्या वर राहायला हवं, युरोपियन ईएनमध्ये दहा सेकंदांनी ७.५, आणि जुन्या जर्मन डीआयएनमध्ये तीस सेकंदांनी ९. एकाच बॅटरीचा डीआयएन आकडा त्यामुळे ईएनपेक्षा बराच लहान दिसतो. ओळखीतल्या एकांच्या जपानी एसयूव्हीत ८०डी२६एल बॅटरी आहे आणि ते ती ८० एएचची समजून चालले होते. त्यातले ८० हा कामगिरीचा क्रमांक आहे, २६ म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. एएच त्याहून कमीच असतात.

मोठी बॅटरी टाकली तर अल्टरनेटरवर ताण येतो, हे मला किमान तिघांनी ऐकवलं. बॅटरी रोज जितकी रिकामी होते तितकीच भरायची असते. भांडं मोठं झालं म्हणून वापर वाढत नाही. ७० ची ८० केल्याने अल्टरनेटरला काही होत नाही. उलट तेवढाच करंट ओढला तर मोठी बॅटरी टक्केवारीत कमी रिकामी होते आणि जास्त टिकते. मात्र ती जागेत बसली पाहिजे आणि गाडीला तिचं माप कळवलं पाहिजे.

खरा पेच होता प्रकाराचा. साधी ओली बॅटरी सर्वांत स्वस्त, पण स्टार्ट-स्टॉपच्या गाडीत ती टाकणं मला पटत नव्हतं. शहरात इंजिन सारखं बंद-चालू होत असताना दिवे, एसीचा पंखा, स्टिअरिंग सगळं बॅटरीवर चालतं आणि साध्या प्लेट त्यात लवकर भुसभुशीत होतात. ईएफबी म्हणजे तीच ओली बॅटरी, पण प्लेट जाड आणि पॉझिटिव्ह प्लेटवर एक पातळ जाळीदार कापड, जे पेस्टला गळू देत नाही. एजीएममध्ये ॲसिड मोकळं नसतंच, काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं. ती वारंवार रिकामी होणं आणखी चांगलं सोसते, पटकन चार्ज होते आणि अर्थातच सर्वांत महाग. ज्या गाडीत कंपनीने एजीएम दिली आहे तिथे एजीएमच टाकावी, खालच्या प्रकारावर उतरू नये, हे सगळे मान्य करतात. माझ्या गाडीत कंपनीने ईएफबी दिलेली होती, म्हणून वरच्या प्रकाराकडे जायचा मोह.

विक्रेत्याने अर्थातच एजीएम पुढे केली. "एकदाच खर्च करा, निवांत राहा." मी दोन दिवस तिच्याच बाजूचा होतो. अडवलं ते उष्णतेने. माझी बॅटरी बॉनेटखाली, डिझेल इंजिनला जवळजवळ चिकटून आहे. एजीएमला उष्णता सोसत नाही. तिच्यातून पाणी उडालं तर वरून घालायची सोय नसते, आणि म्हणूनच कित्येक गाड्यांत ती डिकीत किंवा सीटखाली ठेवतात. शिवाय रोजच्या खोल रिकामं होण्याचं मुख्य कारण, तो कॅमेरा, आता मला सापडला होता. ते कारणच काढून टाकलं तर एजीएमच्या ज्या गुणासाठी मी जास्त मोजणार होतो त्याची गरजही निम्मी उरत होती. लिथियमचाही विचार झाला, पण काही मिनिटंच. शून्याखाली चार्ज न घेणारी आणि गरम बॉनेटखाली न रमणारी बॅटरी मला इंजिनशेजारी नको होती. ईएफबी, ८० एएच, एल४, ८०० सीसीए ईएन, असं ठरलं.

यानंतरची गोष्ट कोणत्याही ब्रँडपेक्षा महत्त्वाची: बॅटरी ताजी आहे का. ॲसिड भरलेली बॅटरी कपाटात पडून पडूनही उतरत असते आणि उतरलेल्या अवस्थेत ठेवली की वर सांगितलेले तेच खडे. विक्रेत्याने खोकं उघडून "नवीकोरी" म्हणून समोर ठेवली तिच्यावरचा शिक्का मी त्यालाच वाचून दाखवायला सांगितला. काही कंपन्या महिना अक्षराने आणि वर्ष आकड्याने लिहितात, काहींचा कोड आणखी गूढ असतो. तो जरा कुरकुरला, मग निघालं ते दहा महिन्यांपूर्वीचं उत्पादन. मी मीटर लावला: १२.४२. वॉरंटी विकल्याच्या तारखेपासूनच सुरू होते, हे त्याने दोनदा सांगितलं. खरं आहे ते, पण वॉरंटीचं कागदपत्र कोऱ्या प्लेट परत देत नाही. दुसऱ्या खेपेतली मागवून घेतली, दोन महिन्यांपूर्वीची, १२.६६. तीच घेतली.

बसवणं त्या मानाने किरकोळ काम. आधी निगेटिव्ह सोडायचं, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट क्रम, निगेटिव्ह शेवटी. कारण पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडू नये. वजन वीस किलोच्या घरात, तेव्हा कंबर सांभाळून. जुन्या बॅटरीवरचं उष्णतारोधक आवरण लांब बॅटरीला अपुरं पडत होतं म्हणून एल४ च्या मापाचं वेगळं मागवलं. ते नसतं मिळालं तर मी एल३ वरच थांबलो असतो. क्लॅम्पवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून मगच जोडणी केली. जुनी बॅटरी तिथेच परत दिली. तिच्यातलं शिसं नव्या बॅटरीत वापरलं जातं, आणि ॲसिडसकट ती घरी ठेवण्यात काही अर्थ नाही.

मग कोडिंग. मेकॅनिकने ओबीडीला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, स्कॅनर लावून नवी बॅटरी बसवल्याची नोंद केली, ७० च्या जागी ८० टाकले, प्रकार ईएफबीच राहू दिला. हे केलं नाही तर गाडी नव्या बॅटरीला जुनीच समजून चार्ज करत राहते. एजीएम घेतली असती तर प्रकारही बदलावा लागला असता. चालकाच्या बाजूची काच एका टिचकीत वर जाईनाशी झाली होती, ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद धरून ठेवल्यावर शिकली. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तसा ट्रॅक्शनचा पिवळा दिवा गेला. पुढच्या सकाळी सेल्फ मारताना व्होल्टेज १०.७ च्या खाली गेलं नाही.

डॅशकॅमचं काय करायचं यावर घरात मतभेद झाले. काढूनच टाका असा एक पक्ष होता. शेवटी कटऑफ उपलब्ध पर्यायांतला सर्वांत वरचा, १२.४, ठेवला, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर पार्किंग मोड बंद. वॉरंटी कार्डावरच्या बारीक अक्षरांत लिहिलंय की नुसती उतरलेली बॅटरी हा दोष धरला जाणार नाही. ती चार्ज करून तपासली जाईल. सुरुवातीच्या काळात सरळ बदलून मिळेल, नंतर जितकी वापरली त्या प्रमाणात पैसे भरावे लागतील. त्या कार्डाचा, बिलाचा आणि बॅटरीवरच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवला आहे, कारण बॉनेटखालच्या उष्णतेत शिक्का फार काळ वाचता येत नाही.